खेळातील चलन : सचोटीची कमाई आणि खात्याची सुरक्षितता

इंटरनेटवर एकाच वेळी हजारो खेळाडू सहभागी होऊ शकतील असे खेळ गेल्या पाव शतकात जगभर रुजले. अशा खेळाला स्वतःचे जग असते, त्या जगात बाजारपेठ असते आणि त्या बाजारपेठेचे स्वतंत्र चलन असते. खेळाडू हे चलन श्रमाने मिळवतो, साठवतो आणि खर्च करतो. सन २००१ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातील नॉरॅथ नावाच्या काल्पनिक जगाचा अभ्यास केला. खेळातील वस्तूंना खऱ्या बाजारात डॉलरमध्ये जी किंमत येत होती, तिच्या आधारे त्यांनी या जगाचे दरडोई उत्पन्न काढले. ते रशिया आणि बल्गेरिया या दोन देशांच्या दरम्यान येत असल्याचा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हापासून खेळातील अर्थव्यवस्था हा अर्थशास्त्रज्ञांच्या आणि कायदेतज्ज्ञांच्या अभ्यासाचा विषय बनला.

जेथे मूल्य निर्माण होते तेथे ते लुबाडू पाहणारेही येतात. भारतात स्मार्टफोन आणि स्वस्त इंटरनेटमुळे असे खेळ शाळकरी मुलांपर्यंत पोहोचले आहेत. खाते मुलाचे असले तरी त्याला जोडलेले बँक खाते किंवा यूपीआय अनेकदा पालकांचे असते. त्यामुळे खेळातील खाते चोरीला जाणे ही घटना खेळापुरती मर्यादित राहत नाही. चलन सरळ मार्गाने मिळवणे आणि खाते सुरक्षित ठेवणे हे वरकरणी दोन वेगळे विषय वाटतात. प्रत्यक्षात ते एकमेकांत गुंतलेले आहेत. कारण कमाईच्या आडवाटेवरच अनेकदा खाते गमावले जाते.

चलनाचे प्रकार

विनिमयाचे माध्यम, मूल्यमापनाचे साधन आणि मूल्यसंचय ही पैशाची कार्ये अर्थशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात दिलेली असतात. खेळातील चलन ही तिन्ही कार्ये करते. मात्र त्या खेळाच्या सीमेच्या आतच. या चलनाचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार खेळात श्रम करून मिळणाऱ्या चलनाचा. दुसरा प्रकार खरे पैसे देऊन खेळाच्या कंपनीकडून विकत घ्यायच्या चलनाचा. ‘रोब्लॉक्स’मधील रोबक्स हे त्याचे परिचित उदाहरण होय. तिसरा प्रकार ब्लॉकचेनवर आधारलेल्या टोकनचा. असे टोकन खेळाबाहेरच्या बाजारातही विकता येते.

यांपैकी कोणतेही चलन भारतात कायदेशीर चलन नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून किरकोळ व्यवहारांसाठी प्रायोगिक तत्त्वावर आणलेला डिजिटल रुपया हे रिझर्व्ह बँकेचे देणे आहे. खेळातील नाणे हे कोणाचेच देणे नाही. कंपनीने तिच्या संगणकात ठेवलेली ती एक नोंद आहे आणि ती नोंद कशी वापरायची याच्या अटी कंपनीच ठरवते. परीक्षार्थींनी हा फरक प्रथम लक्षात घ्यावा.

रुनस्केप : अभ्यासण्याजोगे उदाहरण

या विषयाचे सर्व पैलू एकत्र पाहायचे असल्यास ‘रुनस्केप’ या खेळाचे उदाहरण उपयुक्त ठरते. इंग्लंडमधील केंब्रिज येथील जॅगेक्स कंपनीचा हा खेळ सन २००१ मध्ये सुरू झाला. सन २००७ मधील त्याच्या आवृत्तीवर आधारित ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ हा खेळ सन २०१३ मध्ये स्वतंत्रपणे उपलब्ध करण्यात आला. खेळाचा काही भाग विनामूल्य आहे, तर संपूर्ण जगात वावरण्यासाठी सदस्यत्व घ्यावे लागते. चलन सोन्याच्या नाण्यांचे आहे. एका ठिकाणी जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ नाणी साठवता येतात. ३२ बिटच्या चिन्हयुक्त (धन-ऋण) पूर्णांकात मावणारी ही सर्वांत मोठी संख्या होय.

नवख्या खेळाडूला नाणी मिळवण्याचे मार्ग प्रत्यक्ष अर्थव्यवस्थेतील क्षेत्रांशी जुळणारे आहेत. खाणीतून धातुक खणणे, लाकूड तोडणे आणि मासे पकडणे हे प्राथमिक क्षेत्र झाले. धातुकापासून लगड आणि लगडीपासून शस्त्र बनवणे हे द्वितीयक क्षेत्र. गाईचे कातडे गोळा करून अल खरीद या गावातील चर्मकाराकडे नेले, तर एका नाण्यात त्याचे मऊ चामडे करून मिळते. कच्चे कातडे विकण्याऐवजी चामडे विकणाऱ्याच्या हाती भावातील फरक पडतो. मूल्यवर्धन या संकल्पनेचे याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल. यांखेरीज ‘क्वेस्ट’ म्हणजे नेमून दिलेल्या मोहिमा पूर्ण केल्यावर बक्षिसे मिळतात आणि नवीन प्रदेश खुले होतात.

व्यापार हा चौथा मार्ग. सन २००७ मध्ये सुरू झालेले ‘ग्रँड एक्स्चेंज’ हे या खेळातील मध्यवर्ती खरेदी-विक्री केंद्र आहे. तेथे विक्रेता आणि ग्राहक आपापला भाव नोंदवतात आणि भाव जुळताच सौदा आपोआप पूर्ण होतो. कमी भावात घेऊन जास्त भावात विकणे येथे पूर्णपणे नियमसंमत आहे. मात्र एका खेळाडूने सगळा माल साठवून ठेवू नये म्हणून प्रत्येक वस्तूच्या खरेदीवर चार तासांसाठी कमाल मर्यादा घातलेली असते. ओल्ड स्कूल रुनस्केपमध्ये डिसेंबर २०२१ पासून विक्रीवर १ टक्का कर बसवण्यात आला आणि पुढे सन २०२५ मध्ये तो २ टक्के करण्यात आला. एखादी वस्तू १,००० नाण्यांना घेऊन १,०३० नाण्यांना विकली, तर २० नाणी करापोटी जातात आणि १० नाणी नफा उरतो. तीच वस्तू १,०१५ नाण्यांना विकल्यास कर पुन्हा २० नाणीच असल्याने ५ नाण्यांचा तोटा होतो. ढोबळ नफा आणि निव्वळ नफा यांतील हा फरक न पाहता व्यापार करणारा खेळाडू दिवसभर सौदे करूनही गरीबच राहतो.

चलनवाढ आणि तिला आवर

खेळातील नाणी दोन प्रकारे हाती येतात आणि त्या प्रकारांत मूलभूत भेद आहे. एका खेळाडूने दुसऱ्याला मासे विकले, तर नाणी एका हातातून दुसऱ्या हातात जातात. एकूण पुरवठा वाढत नाही. परंतु राक्षस मारल्यावर पडणारी नाणी, किंवा जादूच्या ५५ व्या पातळीवर मिळणाऱ्या ‘हाय अल्केमी’ या मंत्राने वस्तूचे केलेले सोने ही नव्याने निर्माण झालेली नाणी असतात. ती मध्यवर्ती बँकेने नोटा छापण्यासारखी आहेत. निर्मितीचा वेग वस्तूंच्या उत्पादनापेक्षा जास्त झाला की भाव चढतात.

म्हणून अशा खेळात चलन नष्ट करण्याचीही व्यवस्था लागते. दुकानदार पात्रांकडून केलेली खरेदी, घरबांधणीचा खर्च, विविध शुल्के आणि वर उल्लेखिलेला विक्रीकर यांद्वारे नाणी खेळाबाहेर जातात. या कराच्या काही भागातून कंपनी बाजारातील ठरावीक वस्तू विकत घेऊन नष्ट करते, जेणेकरून त्यांचा अतिरिक्त पुरवठा होऊन भाव कोसळू नयेत. राजकोषीय आणि मौद्रिक उपाययोजनांचे हे छोटे प्रतिरूप आहे. रात्रंदिवस आपोआप खेळणारे ‘बॉट’ या व्यवस्थेला थेट धक्का देतात. त्यांच्यामुळे कच्च्या मालाचा भाव पडतो आणि हाताने काम करणाऱ्या नव्या खेळाडूच्या श्रमाचे मोल कमी होते. याच कारणाने ओल्ड स्कूल रुनस्केपमधील नव्या विनामूल्य खात्यांना २० तास खेळ, १० क्वेस्ट पॉइंट आणि एकूण १०० पातळी पूर्ण होईपर्यंत व्यापारावर काही निर्बंध असतात.

खऱ्या पैशांचा बाजार

श्रम टाळू पाहणारा खेळाडू पैसे देऊन नाणी विकत घेऊ इच्छितो आणि त्याच्यासाठी खेळाबाहेर एक बाजार उभा राहतो. रुनस्केपच्या नियमांनुसार खऱ्या पैशांत नाण्यांची अशी खरेदी-विक्री निषिद्ध आहे. तरीही सन २००७ पर्यंत हा व्यवहार इतका वाढला की कंपनीपुढे मोठे संकट उभे राहिले. नाणी विकणाऱ्या टोळ्या चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर सदस्यत्व घेत. कार्डाचा खरा मालक तक्रार करी आणि बँक ती रक्कम कंपनीकडून परत घेई. अखेर डिसेंबर २००७ ते जानेवारी २००८ या काळात कंपनीने खेळाडूंमधील मुक्त व्यापारावरच कडक मर्यादा घातल्या. एका खेळाडूने दुसऱ्याला भेट देणेही त्यामुळे अवघड झाले. प्रामाणिक खेळाडूंमध्ये तीव्र नाराजी पसरली. पुढे घेतलेल्या सार्वमतात १२ लाखांहून अधिक मते पडली, त्यांपैकी ९१ टक्के मते मुक्त व्यापाराच्या बाजूने होती आणि १ फेब्रुवारी २०११ रोजी तो पूर्ववत झाला.

केवळ बंदीने प्रश्न सुटत नाही हे यातून दिसून आले. सन २०१३ मध्ये कंपनीने ‘बाँड’ ही वस्तू आणली आणि ओल्ड स्कूल रुनस्केपमध्ये ती सन २०१५ मध्ये आली. एखादा खेळाडू खरे पैसे देऊन कंपनीकडून बाँड घेतो आणि ग्रँड एक्स्चेंजवर नाण्यांना विकतो. दुसरा खेळाडू आपल्या कमाईतील नाणी देऊन तो घेतो आणि त्याच्या बदल्यात सदस्यत्वाचे दिवस मिळवतो. ओल्ड स्कूल रुनस्केपमध्ये एका बाँडवर १४ दिवसांचे सदस्यत्व मिळते. या व्यवहारात नवीन नाणे निर्माण होत नाही, पैसा अधिकृत मार्गाने जातो आणि ज्याच्याकडे वेळ आहे पण पैसा नाही असा खेळाडूही केवळ श्रमाच्या बळावर सदस्य राहू शकतो. अमेरिकेतील ब्लिझार्ड कंपनीने ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात सन २०१५ मध्ये अशाच स्वरूपाचे टोकन सुरू केले.

या बाजाराला मानवी बाजूही आहे. सन २०१७ नंतर व्हेनेझुएलात चलनवाढीने कळस गाठला, तेव्हा तेथील अनेक तरुण रुनस्केपमध्ये तासन्‌तास ड्रॅगन मारून मिळालेले सोने डॉलरच्या बदल्यात विकू लागले. खेळातील नाणे त्यांना देशाच्या चलनापेक्षा अधिक स्थिर वाटत होते. त्यांची अडचण खरी होती. परंतु नियमभंग करणाऱ्या खात्यावर केव्हाही कायमची बंदी येऊ शकत असल्याने ही उपजीविका कमालीची असुरक्षित होती. विकत घेणाराही सुरक्षित नसतो. आगाऊ पैसे घेऊन नाणी न देणे, दिलेली नाणी चोरलेल्या खात्यातील असणे, खरेदीदाराचेच खाते बंद होणे असे अनेक धोके त्यात असतात. आणि व्यवहारच नियमबाह्य असल्याने कंपनीकडे दाद मागण्याची सोय राहत नाही.

टोकनवर आधारित खेळांत धोक्याचे स्वरूप आणखी मोठे होते. ‘ॲक्सी इन्फिनिटी’ या खेळाच्या रोनिन नावाच्या जाळ्यातून मार्च २०२२ मध्ये ६० कोटी डॉलरपेक्षा अधिक मूल्याची क्रिप्टो मालमत्ता चोरीला गेली. खेळून पैसे मिळतात या आश्वासनावर विसंबलेल्या खेळाडूंना त्याचा मोठा धक्का बसला.

खाते कसे गमावले जाते?

खाते चोरण्यासाठी तांत्रिक हल्ल्यापेक्षा मानवी स्वभावाचा आधार अधिक घेतला जातो. लोभ, घाई, भीती आणि विश्वास ही त्याची चार दारे होत.

लोभाच्या दारावर ‘फुकट चलन’ देणारी संकेतस्थळे उभी असतात. वापरकर्त्याचे नाव आणि परवलीचा शब्द टाकल्यास हजारो रोबक्स किंवा लाखो नाणी मिळतील, असे ती सांगतात. खात्यातील शिल्लक कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलेली असते. बाहेरचे कोणतेही संकेतस्थळ ती वाढवू शकत नाही. त्यामुळे असा प्रत्येक दावा खोटा समजावा. ‘नाणी द्या, दुप्पट करून देतो’ हा प्रकारही याच जातीचा. रुनस्केपमध्ये तर ‘चिलखताला फुकट सोनेरी काठ लावून देतो’ असे सांगून नवख्यांचे चिलखत घेऊन पसार होण्याची जुनी रीत आहे. खेळात चिलखताला असा काठ लावण्याचे कौशल्यच नाही, हे ठाऊक असलेला खेळाडू त्याला फसत नाही.

घाईच्या दारावर बॉट आणि अनधिकृत सॉफ्टवेअर असते. आपोआप नाणी मिळवून देणारा म्हणून उतरवून घेतलेला प्रोग्रॅम कळफलकावर टाइप होणारे प्रत्येक अक्षर नोंदवून दुसरीकडे पाठवू शकतो. भीतीच्या दारावर ‘आपले खाते २४ तासांत बंद होईल’ असा ई-मेल असतो. त्यातील दुवा हुबेहूब खऱ्या दिसणाऱ्या बनावट पानावर नेतो. यालाच फिशिंग म्हणतात. विश्वासाच्या दारावर मित्र असतो, किंवा मित्राच्या चोरलेल्या खात्यातून बोलणारा चोर असतो.

याखेरीज एक मार्ग खेळाडूच्या नकळत चालतो. एखाद्या भलत्याच संकेतस्थळावरून फुटलेली ई-मेल पत्ते आणि परवलीच्या शब्दांची यादी घेऊन चोर तीच जोडी शेकडो खेळांवर आपोआप वापरून पाहतात. सगळीकडे एकच परवलीचा शब्द ठेवणाऱ्याचे खाते अशा वेळी कोणतीही चूक न करता जाते. समस्येची व्याप्ती किती असू शकते याचा अंदाज व्हॉल्व्ह कंपनीच्या एका निवेदनावरून येतो. तिच्या ‘स्टीम’ या व्यासपीठावर दरमहा सुमारे ७७,००० खाती बळकावून लुटली जात असल्याचे कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर केले होते.

सुरक्षेचा गड

रुनस्केपमध्ये या विषयाचे शिक्षण खेळातूनच देण्याचा एक कल्पक प्रयोग सन २००६ मध्ये झाला. ‘स्ट्राँगहोल्ड ऑफ सिक्युरिटी’, म्हणजे सुरक्षेचा गड, हे चार तळांचे भुयार तेव्हा खुले करण्यात आले. त्याच्या दारांवर खाते सुरक्षिततेविषयी प्रश्न विचारले जातात. कोणी परवलीचा शब्द मागितला तर काय करावे, जवळच्या मित्राला तो सांगावा का, अशा प्रश्नांचे योग्य उत्तर दिल्याशिवाय दार उघडत नाही. पहिल्या तळाच्या शेवटी २,०००, दुसऱ्याच्या ३,००० आणि तिसऱ्याच्या ५,००० नाणी मिळतात. चौथ्या तळावर जोडे मिळतात. नवख्या खेळाडूला १०,००० नाणी ही चांगली रक्कम असते. सचोटीची कमाई आणि सुरक्षिततेचे ज्ञान यांची येथे एकाच वाटेवर गाठ घालून दिलेली आहे.

गडावरील धडे प्रत्यक्षात आणायचे तर संरक्षणाचे अनेक तट उभारावे लागतात. पहिला तट ई-मेलचा. खेळाचा परवलीचा शब्द बदलण्याचा दुवा ई-मेलवर येतो. म्हणून ई-मेल खाते ज्याच्या हाती, त्याच्या हाती खेळाचे खाते. ई-मेलला स्वतंत्र परवलीचा शब्द आणि द्विस्तरीय पडताळणी असणे ही प्राथमिक गरज आहे.

दुसरा तट परवलीच्या शब्दाचा. केवळ इंग्रजी लहान अक्षरे वापरली तरी ८ अक्षरांचे सुमारे २०,८८२ कोटी शब्द बनतात. अक्षरे १२ केली, तर ही संख्या आणखी साडेचार लाखांहून अधिक पटींनी वाढते. यावरून चमत्कारिक चिन्हांपेक्षा लांबी किती महत्त्वाची आहे हे स्पष्ट होते. मात्र शब्द सहज तर्क करता येण्याजोगा नसावा आणि प्रत्येक खात्यासाठी वेगळा असावा.

तिसरा तट द्विस्तरीय पडताळणीचा. ऑथेंटिकेटर ॲप आणि कंपनीचा सर्व्हर यांच्यात सुरुवातीला एका गुप्त संख्येची देवाणघेवाण होते. पुढे ती गुप्त संख्या आणि चालू वेळ यांवरून दोन्हीकडे तोच सहा अंकी संकेत तयार होतो आणि सामान्यतः दर ३० सेकंदांनी बदलतो. परवलीचा शब्द चोरणाऱ्याजवळ हा संकेत नसतो. एसएमएसने येणारा संकेत याहून दुबळा असतो. कारण दुसऱ्याच्या नावाने सिम कार्ड मिळवून तो पळवता येतो. तथापि, खेळाडूने बनावट पानावर स्वतःच संकेत टाकला, तर चोर तो त्याच क्षणी वापरू शकतो. पत्ता तपासण्याची सवय म्हणूनच सुटता कामा नये.

चौथा तट खेळाच्या आतील. रुनस्केपमधील पेढीला चार अंकी पिन लावता येतो. तो पडद्यावरील अंकांवर टिचकी मारून द्यावा लागतो आणि अंकांच्या जागा बदलत राहतात; त्यामुळे कळफलकावर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला तो सहजी कळत नाही. पिन काढून टाकण्याची मागणी केली तरी ती अमलात येण्यास खेळाडूने निवडल्याप्रमाणे ३ किंवा ७ दिवस लागतात. चोर आत शिरलाच, तर खऱ्या मालकाला जागे होण्यास हा अवधी पुरतो. चारच अंकांचा पिन तुटपुंजा वाटला तरी इतर तटांच्या जोडीने तो परिणामकारक ठरतो.

चोरी नेमकी कशाची?

खेळातील वस्तू ही मालमत्ता आहे का, हा प्रश्न न्यायालयांपुढेही आला आहे. सन २००७ मध्ये नेदरलँड्समधील लीउवार्डन शहरात दोन किशोरांनी १३ वर्षांच्या मुलाला मारहाण करून आणि चाकूचा धाक दाखवून रुनस्केपमध्ये प्रवेश करायला लावले आणि त्याच्याजवळचे एक ताईत व एक मुखवटा स्वतःच्या खात्यात घेतले. या वस्तू म्हणजे केवळ माहिती आहे, सबब त्यांची चोरी होऊ शकत नाही, असा बचाव करण्यात आला. त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१२ रोजी तो फेटाळला. या वस्तू मिळवण्यासाठी मुलाने वेळ आणि श्रम खर्च केले होते, त्याच्या दृष्टीने त्यांना मूल्य होते आणि त्यांच्यावर केवळ त्याचाच ताबा होता. म्हणून त्यांची चोरी होऊ शकते, असा निर्णय न्यायालयाने दिला.

खेळांच्या करारांत मात्र सामान्यतः वेगळी भूमिका असते. खेळाडूला वस्तू वापरण्याचा मर्यादित परवाना मिळतो, मालकी कंपनीचीच राहते, असे त्यांत नमूद केलेले असते. या दोन भूमिकांत दिसते तेवढा विरोध नाही. कंपनी आणि खेळाडू यांच्यातील संबंध कराराने ठरतात. तिसऱ्याने केलेल्या लुबाडणुकीचा विचार फौजदारी कायदा करतो.

भारतीय कायद्यातील तरतुदी

दुसऱ्याच्या खात्यात अनधिकृत प्रवेश करणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ चा भंग आहे. तो अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्याचा परवलीचा शब्द कपटाने वापरणे कलम ६६-सी खाली, तर संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणे कलम ६६-डी खाली येते. या दोन्ही कलमांत ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचा गुन्हा कलम ३१८ मध्ये आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत जंगम मालमत्तेच्या व्याख्येत ‘मूर्त’ मालमत्तेचा उल्लेख होता. नव्या संहितेच्या व्याख्येत जमीन आणि जमिनीला जोडलेल्या वस्तू वगळता सर्व प्रकारच्या मालमत्तेचा समावेश आहे. खेळातील वस्तूंच्या संदर्भात हा बदल अभ्यासण्याजोगा आहे. त्याचा अर्थ निश्चित करणे हे न्यायालयांचे काम होय.

अल्पवयीन खेळाडूंचा प्रश्न वेगळा आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते आणि मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या सन १९०३ च्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळातच शून्य ठरवला. खेळातील खात्याच्या अटी मान्य करणे हाही करारच असल्याने पालकांचा सहभाग आवश्यक ठरतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येही १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे.

ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन अधिनियम, २०२५ हा या क्षेत्रातील महत्त्वाचा कायदा होय. त्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. ई-क्रीडा, ऑनलाइन सामाजिक खेळ आणि ऑनलाइन पैशांचे खेळ असे तीन वर्ग त्यात केलेले आहेत. शुल्क, पैसा किंवा अन्य काही पणाला लावून आर्थिक अथवा अन्य लाभाच्या अपेक्षेने खेळला जाणारा खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, तिसऱ्या वर्गात मोडतो आणि असे खेळ चालवण्यास मनाई आहे. पैसे देऊन घेतलेली आभासी नाणी आणि टोकन यांचाही ‘पणाला लावलेल्या’ गोष्टींत समावेश होतो, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे. असे खेळ पुरवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर त्यांची जाहिरात करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. खेळणाऱ्यासाठी मात्र शिक्षा ठेवलेली नाही. पैजेचे स्वरूप नसलेले सदस्यत्व शुल्क सामाजिक खेळांना घेता येते. रुनस्केपमधील नाणी पणाला लावण्याचा ‘ड्युएल अरीना’ हा आखाडा कंपनीने स्वतःहून सन २०२२ मध्ये बंद केला होता; जुगार आणि खऱ्या पैशांची नियमबाह्य खरेदी-विक्री ही त्यामागील कारणे होती.

खाते गेल्यास काय करावे?

अशा वेळी क्रमाला महत्त्व आहे. प्रथम ई-मेल खाते विषाणूमुक्त अशा दुसऱ्या उपकरणावरून ताब्यात घ्यावे आणि त्याचा परवलीचा शब्द बदलावा. त्यानंतर कंपनीच्या अधिकृत साहाय्य कक्षाद्वारे खाते परत मिळवावे, इतर सर्व उपकरणांवरील प्रवेश रद्द करावा आणि ऑथेंटिकेटर नव्याने बसवावा. खरेदीच्या पावत्या आणि खाते उघडल्याची तारीख मालकी सिद्ध करण्यास उपयोगी पडतात. आर्थिक नुकसान झाले असल्यास बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर ती नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्यापूर्वी ती गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते. खाते परत मिळवून देण्याचे आमिष दाखवणाऱ्या अनोळखी व्यक्तींपासून दूर राहावे. एकदा फसलेल्याला पुन्हा फसवणे त्यांना सोपे जाते.

अनेक मुले या आपत्तीबद्दल घरी बोलत नाहीत. खेळण्याबद्दल रागावले जाईल या भीतीने गेलेला वेळ चोराच्या पथ्यावर पडतो. पालकांनी दोष देण्यापूर्वी तक्रार नोंदवण्यास मदत केली, तर नुकसान आटोक्यात राहू शकते.

खेळातील नाण्याला मूल्य येते ते त्यामागील श्रमांमुळे आणि सर्वांनी पाळलेल्या नियमांमुळे. बॉट, चोरलेली कार्डे आणि बनावट संकेतस्थळे या दोन्ही पायांवर घाव घालतात. गाईचे कातडे कमावून विकणारा नवखा खेळाडू कदाचित हळू पुढे जाईल. परंतु त्याने मिळवलेले प्रत्येक नाणे त्याच्याच नावावर राहील. ई-मेल, बँक खाते आणि शासकीय सेवांची खाती सांभाळण्यासाठी लागणारी शिस्त याहून निराळी नाही. ती खेळातच अंगवळणी पडली, तर पुढील आयुष्यातील मोठे नुकसान टाळण्यास तिचा निश्चितच उपयोग होईल.